चाकावरची शिकार आणि घरातली बंदूक

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरत जाणाऱ्या डोंगराळ मुलखात डही हे गाव आहे. प्रसिद्ध बाघ लेणी याच परिसरातली. भिल्ल आणि भिलाला समाजाची वस्ती असलेल्या या भागात ओढेनाले, दगडी उतार आणि झुडपी रान यांमुळे गाडी वाटेबाहेर फारशी जात नाही. विंध्याची कडा चढून वर गेले की दृश्य पालटते. माळव्याचे सपाट पठार लागते. काळी जमीन, मोकळी गवताळ राने आणि क्षितिजापर्यंत अडथळा नाही. धार आणि देवास या पवार घराण्याच्या मराठी संस्थानांचा हा मुलूख १९४८ मध्ये मध्य भारत राज्यात विलीन झाला.

शिकारीच्या इतिहासात या दोन भूरूपांतील फरकाला मोठे महत्त्व आहे. डहीसारख्या डोंगरात शिकाऱ्याला पायी जावे लागे किंवा मचाणावर रात्र काढावी लागे. पठारावर मात्र तो चाकावर बसून प्राण्यापर्यंत पोहोचू शकत असे. बंदूक कशाला टेकवायची, धक्क्यांपासून ती कशी जपायची आणि हाताशी कुठे ठेवायची, हे प्रश्न तिथेच निर्माण झाले. त्यांची जी उत्तरे सापडली, त्यांनी शिकार सोपी केली आणि अखेर तिच्यावर बंदी आणण्याची वेळ आणली. शेतरक्षणासाठी बंदुकीचे परवाने बाळगणाऱ्या आणि रात्रीच्या चोरट्या शिकारीच्या बातम्या वारंवार वाचणाऱ्या गोव्याला हा इतिहास परका नाही.

बैलगाडीपासून मोटारीपर्यंत

चाकावरून शिकार करण्याची युक्ती मोटारीच्या आधीची आहे. मोकळ्या माळावर काळवीट किंवा माळढोक पक्षी पायी चालणाऱ्या माणसाला दुरूनच ओळखतो आणि पळतो. बैलगाडी मात्र त्याच्या रोजच्या पाहण्यातली असते. म्हणून शिकारी गाडीच्या आडोशाने, थेट न जाता फेर धरत, हळूहळू जवळ जात. शिकारीसाठी पाळलेले चित्तेही डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतूनच रानात नेले जात. कोल्हापूर संस्थानात ही परंपरा विशेष नावाजलेली होती. तेथील चित्ते सांभाळणारे ‘चित्तेवान’ म्हणून ओळखले जात. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानिकांकडे मोटारी आल्या आणि त्यांतील काही खास शिकारीसाठी बांधून घेतल्या गेल्या. माळव्याला लागून असलेल्या कोटा संस्थानचे महाराव उम्मेदसिंह द्वितीय यांच्यासाठी १९२५ मध्ये तयार झालेली रोल्स रॉइस फँटम मोटार आजही जुन्या वाहनांच्या जाणकारांत प्रसिद्ध आहे. तिच्यावर शक्तिशाली शोधदिवे आणि रायफली ठेवण्यासाठी खास सोय होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीपगाड्या बाजारात आल्या, तेव्हा राजेरजवाड्यांपुरती असलेली ही सोय जमीनदार, ठेकेदार आणि शहरी हौशी मंडळींच्याही आवाक्यात आली. जीपला रस्ता लागत नव्हता. गवताळ माळावर ती काळविटाच्या कळपाबरोबर धावू शकत होती.

नेम का ढळतो

उभ्या माणसाच्या हातातील रायफल कधीच पूर्ण स्थिर नसते. श्वास, नाडीचे ठोके आणि स्नायूंचा थकवा यांमुळे नळीचे टोक सतत फिरत राहते. रायफल कशाला तरी टेकवली की ही हालचाल एकदम कमी होते. वाहनात असे आधार अनेक मिळतात. खिडकीची चौकट, बॉनेट, टपाची कड किंवा जीपच्या समोरच्या काचेची पट्टी नेमबाजाला उपयोगी पडते. वरवर पाहता गाडी म्हणजे तयार नेमबाजीचा ओटाच होय.

प्रत्यक्षात हा आधार फसवा असतो, कारण गाडी स्वतःच स्प्रिंगांवर उभी असते. इंजिन चालू असेल तर त्याचे कंपन थेट नळीत उतरते. इंजिन बंद केले तरी मागच्या आसनावरील एखाद्याने अंग हलवले की गाडी किंचित कलते. खांद्याला लागलेला दस्ता आणि पुढचा आधार यांत अर्धा मीटर अंतर धरले आणि तो आधार केवळ एक मिलिमीटर सरकला, तर शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला जाते. हरणाच्या खांद्यामागचा मर्मभाग चुकून गोळी पोटात किंवा पायात लागण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

दुसरा दोष कठीण पृष्ठभागाचा. नळी किंवा तिच्याखालचा लाकडी भाग थेट पत्र्यावर टेकवला तर बार उडताना रायफल त्या पृष्ठभागावरून उसळते आणि गोळी बहुधा वर जाते. म्हणूनच जुने शिकारी हाताचा पंजा, घडी घातलेले घोंगडे किंवा वाळूची पिशवी मध्ये ठेवत. तिसरा धोका दुर्बिणीमुळे निर्माण होतो. दुर्बीण नळीच्या सुमारे चार सेंटिमीटर वर बसवलेली असते. नेमबाजाला बॉनेटवरून लक्ष्य स्वच्छ दिसते, पण त्याच वेळी नळीच्या तोंडापुढे बॉनेटची कड असू शकते. अशा वेळी गोळी आपल्याच गाडीला लागते आणि तिचे तुकडे कुठेही उडतात.

हत्तीवरच्या हौद्यातही असाच प्रश्न होता. हत्ती पूर्ण थांबेपर्यंत बार न करणे हा तेथील पहिला धडा असे. मोटारीने मात्र धावत्या अवस्थेत बार करण्याचा मोह निर्माण केला. परिणामी मेलेल्या प्राण्यांबरोबर जखमी होऊन रानात निघून गेलेल्या प्राण्यांची संख्याही वाढली. पायी शिकारी जखमी जनावराचा माग काढणे आपले कर्तव्य मानी. गाडीवाला शिकारी पुढच्या कळपाकडे वळे.

दिव्याचा झोत

वाहनाने शिकाऱ्याला आधाराबरोबर रात्रही मिळवून दिली. हरीण, चितळ, बिबट्या यांसारख्या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. अंधारात पाहण्यासाठी निसर्गाने दिलेली ही सोय प्रखर झोतापुढे घातक ठरते. डोळे लांबून चमकतात, आणि दिपलेला प्राणी क्षणभर जागीच खिळतो. त्याला पळण्याची संधीच उरत नाही.

भारतातील चित्त्याच्या शेवटाशी असाच एक प्रसंग निगडित आहे. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले. ते मोटारीने निघाले असताना दिव्यांच्या प्रकाशात हे प्राणी त्यांना दिसले होते. तिन्ही नर होते. या घटनेचे वृत्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा संपादकांनी त्याबरोबर आपली तीव्र नापसंतीही नोंदवली. भारतातील चित्त्यांची ही अखेरची निर्विवाद नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

चित्ता संपला तो केवळ मोटारीमुळे नव्हे. गवताळ राने नांगराखाली गेली, भक्ष्य घटले, पाळण्यासाठी शतकानुशतके चित्ते पकडले गेले. शेवटच्या उरलेल्या प्राण्यांना वाचण्याची संधी मात्र चाक, झोत आणि टेकवलेली रायफल यांनी नाकारली. माळव्यातील मोकळ्या रानांच्या इतर रहिवाशांचीही स्थिती अशीच नाजूक झाली. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला आकर्षित करणारा खरमोर पक्षी या उड्यांमुळेच शिकाऱ्यांना सहज दिसे. त्याच्या रक्षणासाठी धार जिल्ह्यातील सरदारपूर येथे १९८३ मध्ये अभयारण्य स्थापन करावे लागले.

वाहनातून होणाऱ्या शिकारीला विरोध करणारे आवाज शिकाऱ्यांमधूनच उठले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतील व्यावसायिक शिकारी डेनिस फिंच हॅटन यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’मधून मोटारीतून होणाऱ्या सिंहांच्या हत्येविरुद्ध जाहीर टीका केली. प्राण्याला निसटण्याची वाजवी संधी असली पाहिजे, हा शिकारीच्या जुन्या नीतीचा गाभा होता. मोटारीने तोच नष्ट केला, असा या टीकेचा रोख होता.

कायद्याची पावले

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आरंभी शिकार पूर्णपणे बंद केली नव्हती. काही प्राण्यांसाठी परवाने मिळत. परंतु परवानाधारकालाही काय करता येणार नाही, याची यादी कायद्याच्या सतराव्या कलमात होती. चाकांच्या किंवा यांत्रिक वाहनातून शिकार करणे, मोटार वा विमानाने प्राण्यांना हुसकावणे, विशेष परवानगीविना कृत्रिम दिव्यांचा वापर करणे आणि सूर्यास्तानंतर शिकार करणे या गोष्टी त्यात निषिद्ध होत्या. कायदा करणाऱ्यांना चाक आणि दिवा यांचे परिणाम नेमके ठाऊक होते, हे या यादीवरून स्पष्ट होते.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच रद्द झाले आणि सतरावे कलमही गळाले. मुळात शिकारच निषिद्ध झाल्यावर ती कशी करू नये हे सांगण्याचे कारण उरले नाही. आज केवळ ठार मारणे म्हणजेच शिकार असे नाही. पकडणे, सापळा लावणे, त्या हेतूने प्राण्याला हाकणे आणि या सर्वांचा प्रयत्न करणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन व शस्त्र सरकारजमा होण्याची तरतूद कायद्यात आहे. गोव्याचा राज्यप्राणी गवा पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्या शिकारीस किमान तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. ती सात वर्षांपर्यंत वाढू शकते.

स्वसंरक्षणार्थ प्राणी मारावा लागला तर तो गुन्हा ठरत नाही. पण ही सवलत सरसकट नाही. त्या क्षणी संबंधित व्यक्ती स्वतःच कायद्याचा भंग करत असेल तर तिला हा बचाव मिळत नाही. रात्री बंदूक घेऊन रानात शिरलेल्या माणसाला ‘गवा अंगावर आला’ असे सांगून सुटता येणार नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. स्वसंरक्षणात मेलेला प्राणीही सरकारचीच मालमत्ता असतो.

गोव्याच्या संदर्भात

गोव्यात सहा अभयारण्ये आणि मोले येथील राष्ट्रीय उद्यान आहे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर आणि बोंडला यांचा पट्टा राज्याच्या पूर्वेकडे पसरला आहे. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य मांडवीच्या पात्राजवळ आहे. वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने आपले नाव वन खात्याकडे नोंदवणे आवश्यक आहे. या परिघात नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. छोट्या गोव्यात दहा किलोमीटरचे वर्तुळ आखले तर सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतील किती गावे त्यात येतात, हे नकाशावर सहज दिसते. लेखी परवानगीविना शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करणे हादेखील स्वतंत्र गुन्हा आहे. गाडीच्या मागच्या आसनाखाली बंदूक ठेवून अभयारण्यात शिरणारा माणूस एकही बार न करता गुन्हेगार ठरू शकतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रानडुकरांनी एका रात्रीत उकरलेले भाताचे शेत, गव्यांनी तुडवलेली बागायत आणि माकडांनी ओरबाडलेली कुळागरे हे गोव्यातील शेतकऱ्याचे नित्याचे दुःख आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही गरज ओळखली आहे. खऱ्याखुऱ्या शेतरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि ती अपुरी ठरत असेल तर गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. परंतु शेतरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाची नासधूस करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्यासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर बंदुकीचा वापर आवाज करून जनावर पळवण्यापुरताच मर्यादित राहतो.

शेतकऱ्याचे हे दुःख आणि गाडीतून निघणाऱ्या हौशी टोळ्या यांची गल्लत केल्याने नुकसान शेतकऱ्याचेच होते. अर्धवट नेमाने जखमी झालेला गवा किंवा रानडुक्कर अधिक धोकादायक होतो आणि त्याची गाठ दुसऱ्या दिवशी पहाटे काजू वेचायला किंवा पाणी सोडायला गेलेल्या माणसाशी पडते. झोतात चमकणारे डोळे पाळीव गुरांचेही असू शकतात. त्यांच्या मागे कोण आहे हे अंधारात कळत नाही. पीक राखण्यासाठी माळ्यावर जागा असलेला शेजारीच तिथे असू शकतो. रात्रीच्या शिकारीत सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या गोव्याने वाचल्या आहेत.

गाडीतील बंदूक

परवानाधारकाला दुरुस्तीसाठी, नूतनीकरणाच्या तपासणीसाठी किंवा निवडणुकीच्या काळात जमा करण्यासाठी बंदूक वाहनातून न्यावी लागते. त्यामुळे वाहतुकीची शिस्त प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. वाहनात भरलेली बंदूक ठेवणे हा सर्वांत मोठा धोका. अनेक बंदुकांतील सुरक्षा-खटका केवळ चाप अडवतो. आतील यंत्रणेला बसलेल्या जोरदार धक्क्यापासून तो संरक्षण देईलच असे नाही. बाहेर घोडा असलेल्या जुन्या बंदुकीत तर घोड्यावर आघात झाला तरी बार उडू शकतो. खड्ड्यात आदळलेली गाडी, आसनावरून घसरलेली बंदूक आणि नळीला धरून ती बाहेर ओढणारा हात या तीन गोष्टी एकत्र आल्या की अपघात होतो.

म्हणून घरातून निघण्यापूर्वी नळीचा मागचा भाग उघडून डोळ्यांनी पाहावा, बोटाने चाचपावा आणि मगच बंदूक आवरणात ठेवावी. काडतुसे वेगळ्या, कुलूपबंद पेटीत असावीत. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी लांब नळीचे शस्त्र त्यासाठीच्या आवरणात, पूर्ण झाकून आणि आपल्या ताब्यात ठेवून न्यावे लागते. गाडीत ती आडवी, मऊ आधारावर आणि पट्ट्याने बांधून ठेवावी, म्हणजे वळणावर सरकत नाही. परवाना सोबत असावा. उघड्या गाडीत बंदूक सोडून चहाला उतरणे हा निष्काळजीपणा चोराला निमंत्रण देतो. चोरीला गेलेल्या परवानाधारक बंदुकीची पहिली चौकशी मालकाकडेच होते.

धूळ आणि चिखल यांचाही विचार करावा लागतो. नळीच्या तोंडात माती, कापडाचा बोळा किंवा गांधीलमाशीचे घर अडकलेले असताना बार केला तर नळी फाटू शकते आणि बार करणाऱ्याचा हात किंवा डोळा जाऊ शकतो. त्यामुळे नळी रिकामी आणि मोकळी आहे याची खात्री रिकाम्या बंदुकीतच, मागच्या बाजूने पाहून, करावी.

कपाटातील बंदूक

माळव्याच्या कोरड्या हवेत बंदुकीचा मुख्य शत्रू धूळ असतो. गोव्यात तो दमटपणा आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंती घामेजतात आणि लोखंडावर दोन दिवसांत तांबूस डाग उमटतो. चामड्याच्या किंवा कापडी आवरणात बंदूक कायम ठेवण्याची सवय येथे घातक ठरते, कारण आवरण ओलावा शोषून तो नळीलाच चिकटवून ठेवते. आवरण प्रवासासाठी असते. घरी आल्यावर बंदूक बाहेर काढून पुसावी, नळीतून कोरडा आणि नंतर तेलाचा बोळा फिरवावा व ती हवा खेळणाऱ्या पण कुलूपबंद कपाटात ठेवावी. तेलाचा थर पातळ हवा. जास्त तेल यंत्रणेत गोठून धूळ धरते आणि लाकडी दस्ता मऊ करते.

कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेले नसावे. आत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवून ती अधूनमधून वाळवावी किंवा बदलावी. काडतुसे दुसऱ्या कुलपाखाली, कोरड्या डब्यात असावीत. ओल लागून फुगलेले किंवा पितळेवर हिरवट थर आलेले काडतूस वापरू नये. ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या सल्ल्याने जमा करावे. दोन्ही किल्ल्या एका खिळ्याला टांगल्या तर दोन कुलपांचा अर्थ उरत नाही. घरात मुले असतील तर भिंतीवर शोभेसाठी लटकवलेल्या आजोबांच्या बंदुकीलाही हाच नियम लावावा. ती रिकामी आहे या समजुतीनेच बहुतेक दुर्घटना घडतात.

वारसाने आलेल्या बंदुकीची कागदपत्रे वेळीच आपल्या नावावर करून घेणे हेही साठवणुकीचाच भाग आहे. मृत व्यक्तीच्या नावावरील परवान्यावर कुटुंबाला बंदूक ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पुढील अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे बाळगता येतात, हेही वारसांनी ध्यानात ठेवावे.

चाकाचा दुसरा उपयोग

ज्या पठारावर मोटारीने काळविटांचे कळप विस्कटले, तिथेच यंत्राचा वेगळा उपयोग आता पाहायला मिळाला आहे. देवासला लागून असलेल्या शाजापूर जिल्ह्यात काळवीट आणि नीलगायींमुळे पिकांचे मोठे नुकसान होत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेश वन विभागाने हेलिकॉप्टरच्या साहाय्याने हे कळप कापडी भिंतींच्या नरसाळ्यासारख्या कुंपणात, म्हणजे ‘बोमा’त, वळवले आणि आठशेहून अधिक काळवीट ट्रकांतून अन्य वनक्षेत्रांत नेऊन सोडले. बंदूक न वापरता शेत मोकळे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातील आठ चित्ते कुनोत आणि एप्रिल २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या पुढच्या टप्प्याचे दोन चित्ते माळव्यातील गांधीसागर अभयारण्यात सोडण्यात आले. हे दोन तेथे वाहनातूनच आले.

गोव्याच्या दाट रानात आणि लहान शेतांत हाच उपाय जसाच्या तसा लागू होणार नाही. येथे सौरकुंपण, सामूहिक राखण, वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई आणि परवानगीच्या अर्जांचा लवकर निकाल या गोष्टी अधिक उपयोगी आहेत. शेतकऱ्याला हे सारे वेळेत मिळाले तर त्याची बंदूक बहुतेक काळ कपाटातच राहील. ती तिथे रिकामी, कोरडी आणि कुलपाखाली असावी, एवढी जबाबदारी मात्र परवाना ज्याच्या नावावर आहे त्याची स्वतःची आहे.